घरचं मांजर : पोटभर खाऊ घाला, धान्य राखील



बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, नागालासुद्धा पंचमी आहे. मांजराच्या नावाने मात्र आपल्याकडे एकही सणवार नाही. तरी चुलीपुढची उबदार जागा त्याची, कणगीवरची झोप त्याची आणि शिंक्यावरच्या दह्यावर डोळाही त्याचाच. गाईम्हशींच्या खुराकाविषयी, शेळ्यांच्या रोगांविषयी, कोंबड्यांच्या लशीविषयी आपण या पत्रकांतून वेळोवेळी वाचत आला आहात. मांजरावर पत्रक कशाला, असे काहींना वाटेल. "मांजराची कसली आलीय निगा, ते आपलं आपण जगतं," असे बहुतेक घरांतून ऐकू येते. हेच खरे नाही, म्हणून हे पत्रक.

आधी हिशेब मांडू. घरात वावरणारा एक मोठा उंदीर दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम धान्य खातो. म्हणजे वर्षाला साडेपाच ते सात किलो झाले. हे फक्त खाल्लेले. त्याने पोते कुरतडून सांडलेले, लेंड्या आणि मूत करून नासवलेले धान्य याहून जास्त भरते. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते आणि ती पिल्लेही दोन-तीन महिन्यांत विण्याजोगी होतात. सुगीला घरात शिरलेली एक जोडी होळीपर्यंत काय करून ठेवील, याचा अंदाज तुम्हीच करा.

नुकसान धान्यापुरतेच थांबत नाही. भातखाचरात, गोठ्यात, पुराच्या पाण्यात उंदराचे मूत मिसळते आणि त्यातून लेप्टोचा ताप होतो. २००५ च्या जुलैत मुंबईत महापूर आला, त्यानंतर या तापाने कितीतरी माणसे आजारी पडली. कोकणातल्या शेतकऱ्याला तर हे नाव आता नवे राहिलेले नाही. बीड जिल्ह्यातले मामला गाव जुन्या मंडळींना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्याचे धक्के जाणवलेल्या भागातही भीतीने लोकांनी घरे सोडली, धान्य आतच राहिले, त्यावर उंदीर माजले आणि १९९४ च्या पावसाळ्यात मामल्यात गाठीच्या प्लेगचे रोगी निघाले. धान्य आहे आणि राखण नाही, अशा घरात काय होते ते त्यावरून दिसले.

उपाशी मांजर जास्त उंदीर मारतं का?

नाही. गावोगाव हा समज पक्का बसलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मांजराची शिकार करण्याची ओढ आणि त्याची भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेले मांजरही कणगीमागे खुडबूड झाली की कान टवकारते, दबा धरते आणि झडप घालते. खाल्ले नाही तरी मारते. मारलेला उंदीर उंबऱ्यात आणून टाकणारे मांजर तुम्ही पाहिले असेल. त्याला तो खायचा नसतो, पण मारल्याशिवाय राहवत नाही. चिचुंद्रीचेही तसेच. मारून टाकते, पण तिच्या वासामुळे बहुधा तोंड लावत नाही.

उलट उपाशी मांजर काय करते? ते घरात थांबतच नाही. जिथे चार घास मिळतील तिथे जाते. शेजारणीचे दूध, मासळीबाजारातला कचरा, कुणाच्या कोंबडीची पिल्ले, जे सापडेल ते. म्हणजे तुमची कणगी राखायला ठेवलेले मांजर रात्रभर दुसऱ्याच्या दारात. शिवाय उंदीर पकडायचा म्हणजे एका बिळापुढे तास-तासभर न हलता बसावे लागते. पोटात आग पडलेल्या जिवाला एवढा धीर कुठून येणार?

इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी ऑक्सफर्डजवळच्या शेतवाड्यांवर मांजरे पाळून हे तपासले आणि १९५३ साली छापून प्रसिद्ध केले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक अशी, की शेतवाडीवर आधीच उंदीर माजलेले असतील तर नुसती मांजरे आणून ते हटत नाहीत. आधी दुसऱ्या उपायांनी उंदीर साफ करावे लागतात, मग मांजरे नव्या उंदरांना आत बस्तान बसवू देत नाहीत. दुसरी गोष्ट, मांजरांना रोजचे दूध घालून वाड्यावर बांधून ठेवले तरच हे साधते. तिकडे वाडे वेगळे, हवा वेगळी, पण मांजर तेच आणि उंदीरही तोच.

तेव्हा मांजराकडून अपेक्षाही बेताची ठेवा. ते लहान उंदीर आणि उंदरांची पिल्ले भराभर मारते. मोठ्या उंदराशी जपून वागते. घुशीच्या वाटेला तर बहुतेक मांजरे जातच नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. घूस वजनाने जवळजवळ मांजराच्या पिल्लाला भारी पडते आणि चावा असा घेते की जखम चिघळते. घुशीसाठी पिंजरा लावा, भिंतीचा पाया सिमेंट-खडीने भरून घ्या. ते काम मांजराचे नव्हे.

औषध घालाल तर मांजर आधी बांधा

आता मुद्द्याची गोष्ट. गावात मांजरे मरतात ती म्हातारपणाने थोडी आणि उंदराच्या औषधाने पुष्कळ. घरच्या माणसांना पत्ताही लागत नाही. "दोन दिवस दिसलं नाही, कुठंतरी गेलं असेल," एवढ्यावर विषय संपतो.

आपल्याकडे दोन तऱ्हेची औषधे जास्त चालतात. पहिले झिंक फॉस्फाईड. काळपट करडी पूड, लसणासारखा वास. भरडलेले धान्य, थोडे गोडे तेल आणि शंभराला दोन भाग पूड असे आमिष करतात. उंदराच्या पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू निघतो आणि उंदीर काही तासांत मरतो. असा उंदीर मांजराने पोटासकट खाल्ला, किंवा आमिषच चाटले, तर मांजरालाही तेच होते. यावर उतारा नाही. मांजर ओकू लागले, तडफडू लागले तर घरची मंडळी घाईने दूध किंवा तूप पाजतात. तसे करू नका. स्निग्ध पदार्थाने हे विष अंगात जास्त भिनते. दारे-खिडक्या उघडा, ओकारीवर वाकून वास घेऊ नका, कारण तोच वायू तुमच्याही नाकात जाईल, आणि मांजर लगेच पशुवैद्याकडे न्या. हेच आमिष लेकराच्या तोंडात गेले तर घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठा.

दुसरी तऱ्हा म्हणजे ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या. यांत विष फार थोडे, लाखात पाच भाग. उंदीर तो खाऊन लगेच मरत नाही, चार-पाच दिवसांनी मरतो, म्हणून बाकीच्या उंदरांना संशय येत नाही. शेतकऱ्याला हे सोयीचे वाटते आणि आहेही. पण मांजराला हेच जास्त घातक ठरते, कारण मधल्या दिवसांत उंदीर झिंगल्यासारखा संथ चालतो आणि मांजराला आयता सापडतो. विष उंदराच्या काळजात साठून राहते. मांजराने असे चार-दोन उंदीर खाल्ले की ते त्याच्या अंगात जमत जाते. रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. तीन ते पाच दिवसांनी मांजर मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, कधी नाकातून रक्त येते, कधी काळी शी होते, कधी नुसतेच लंगडते. या विषावर मात्र उतारा आहे, व्हिटॅमिन के-वन. पशुवैद्य ते टोचतात किंवा गोळ्या देतात, आणि औषध पुष्कळ दिवस चालू ठेवावे लागते. दवाखान्यात जाताना औषधाचे पाकीट बरोबर न्या. नाव कळले की डॉक्टरांचे निम्मे काम होते.

मग मांजर असलेल्या घराने करावे काय? घरात आणि कोठीत विष वापरूच नये, पिंजरे लावावेत, हे उत्तम. चापाचा सापळा लावायचा तर तोंड अरुंद असलेल्या खोक्यात लावा, नाहीतर मांजराचा पंजा त्यात सापडतो. शेताच्या बांधावर औषध घालायचे असेल तर आमिष बिळात खोल सरकवून बीळ मातीने बुजवा. कागदावर पुडी करून बांधावर उघडे ठेवू नका. घरातच घालण्याची वेळ आली तर मांजर तेवढे दिवस पाहुण्याकडे पाठवा किंवा एका खोलीत कोंडून तिथेच खायला-प्यायला द्या. मेलेले उंदीर सकाळ-संध्याकाळ गोळा करून खोल पुरा. वड्यांचे औषध असेल तर उरलेले आमिष उचलल्यावरही आठ-दहा दिवस मांजर सोडू नका. धान्याला धुरी द्यायच्या गोळ्या तर राहत्या घरात कधीच ठेवायच्या नाहीत. तिथे मांजराचा नव्हे, माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो.

आणखी काही वस्तू आहेत ज्या आपल्याला साध्या वाटतात आणि मांजराला मारतात. माणसाची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला अर्धीसुद्धा देऊ नका. ती पचवण्याची सोय त्याच्या अंगात नाही. बैलांच्या किंवा कुत्र्याच्या गोचिडांवर फवारायचे औषध मांजराच्या अंगाला लावू नका. पिसवा झाल्या तर बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि औषध पशुवैद्याला विचारून आणा. फरशी फिनाईलने पुसली तर वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवा. ते पंजे चाटून अंग साफ करते, त्यामुळे पायाला लागलेले सगळे पोटात जाते.

दूध-भाकरी पुरते का?

मांजर म्हटले की दूध, हे आपल्या मनात लहानपणापासून बसले आहे. पिल्लाला आईचे दूध पचते, पण मोठे झाल्यावर पुष्कळ मांजरांना गाईम्हशीचे दूध नीट पचत नाही. दुधातली साखर पचवणारा रस त्यांच्या आतड्यात कमी होतो. मांजराला सारखी पातळ शी होत असेल तर आधी दूध बंद करून पाहा. पचत असेल तर थोडे द्यायला हरकत नाही. पाणी मात्र रोज ताजे, मातीच्या पसरट परळात, खायच्या जागेपासून थोडे दूर ठेवा. दूध दिले म्हणून पाणी नको, असे नाही.

मांजर हा मूळचा मांसाहारी जीव. कुत्रा भाकरीवर निभावतो, मांजर नुसत्या भाकरीवर निभावत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांस-मासळीतून मिळते. ते न मिळाल्यास मांजराची नजर जाते, हे शास्त्रज्ञांना १९७५ मध्ये कळले, आणि हृदयही कमजोर होते हे १९८७ मध्ये. गाजर-भाजीपाल्यातून जीवनसत्त्व अ तयार करणेही मांजराला जमत नाही. तेव्हा घर माळकऱ्याचे असले तरी मांजराच्या गळ्यात माळ घालता येत नाही. अशा घरात मांजर बाहेर फिरते, उंदीर मारून खाते आणि दूधभातात राहिलेली उणीव तेच भरून काढते. त्याला अडवू नका. घरात कोंडून नुसता दूधभात घातला तर ते खंगते. चालत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेले अंडे कुस्करून द्या.

मासळी खाणाऱ्या घरांत प्रश्न सोपा. सुकट किंवा बोंबील पाण्यात भिजवून, खारटपणा काढून, बिनमिठाच्या पाण्यात शिजवावे आणि त्यात भाकरी कुस्करावी. मासळी शिजवूनच द्या. कच्ची मासळी रोज खाल्ली तर तिच्यातल्या एका द्रव्याने मांजराच्या अंगातले जीवनसत्त्व ब-एक नाहीसे होते. काल उरलेला रस्सा मात्र घालू नका. त्यात कांदा-लसूण असतो आणि कांद्याने मांजराचे रक्त बिघडते. कोंबडीची शिजवलेली हाडे फुटून घशात अडकतात, तीही नकोत.

किती घालावे? तीन-चार किलोच्या मांजराला फक्त उंदरांवर जगायचे तर दिवसाला आठएक लहान उंदीर लागतील. एवढी शिकार रोज मिळणे कठीण. म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, ठरल्या जागी खायला द्या. संध्याकाळचे खाणे दिवेलागणीला आणि कोठीजवळ द्यावे, म्हणजे खाऊन ते तिथेच रेंगाळते आणि उंदरांच्या वेळेला जागेवर असते. जुन्नर-आंबेगावसारख्या भागात, जिथे उसातून बिबट्या वस्तीवर येतो, तिथे तर मांजर रात्री घरातच असलेले बरे.

कोंबड्या पाळणाऱ्यांची एक तक्रार असते. मांजर पिल्ले उचलते. उचलतेच. मोठ्या कोंबडीच्या नादी ते लागत नाही, पण पहिला महिना-दीड महिना पिल्ले डालग्याखाली किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवा. त्यापायी मांजराला झोडपून उपयोग नाही, त्याला मार कशाबद्दल बसला ते कळत नाही.

पोत्यात घालून शिवेवर

म्हातारी माणसे सांगत की मांजर मारले तर पाप फेडायला काशीला जावे लागते. त्यामुळे मांजराला कुणी मारत नाही. पण भाटी व्याली, चार पिल्ले झाली, की तीच पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर, नाहीतर बाजाराच्या गावी सोडून येतात. डोळेही नीट न उघडलेली पिल्ले उन्हात, मुंग्यांत, कुत्र्यांच्या तोंडी मरतात. मारले नाही, एवढेच समाधान. काशीचे पुण्य-पाप ज्याचे त्याने पाहावे, पण पाळलेले जनावर असे टाकून देणे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. शिवाय गाव काही मांजरांवाचून मोकळे होत नाही. तुम्ही त्यांच्या शिवेवर सोडता, ते तुमच्या.

मादी सहा महिन्यांची झाली की माजावर येते, कधी त्याआधीही. नऊ आठवड्यांनी विते. वर्षातून दोनदा-तीनदा, दर वेळी तीन ते पाच. याला एकच खात्रीचा उपाय आहे, शस्त्रक्रिया. पाच-सहा महिन्यांची झाली की पहिल्या माजाआधीच करून घ्यावी. सगळ्याच तालुका दवाखान्यांत मांजराची शस्त्रक्रिया होते असे नाही. आधी चौकशी करा, कुठे होते ते तिथे सांगतील. पाटीत घालून वर फडके बांधून न्या. मोकळे न्याल तर एसटीत पळेल. टाके पडल्यावर आठ-दहा दिवस घरात ठेवावे लागते, एवढाच त्रास.

"शस्त्रक्रिया केली की मांजर आळशी होतं, उंदीर मारत नाही," असे कुणीतरी सांगेल. शिकारीची ओढ त्याने जात नाही. उलट सारखी गाभण राहून, पिल्लांना पाजून खंगलेली मांजरीच शिकारीला निरुपयोगी असते. बोक्याचीही शस्त्रक्रिया करून घ्या. रात्रीची भांडणे, फाटलेले कान, पूभरल्या गाठी आणि कणगीवर मारलेली घाणेरडी पिचकारी, सगळे कमी होते.

आता व्यालीच असेल तर तिला सतावू नका. कडब्याच्या गंजीत, माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यात ती जागा शोधते. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते असे आपण म्हणतो. ती सात मोजत नाही, पण सारखे डोकावले, पिल्ले हाताळली किंवा बोका फिरकला की जागा बदलते. म्हणून पहिला आठवडा लांबूनच लक्ष ठेवा आणि तिला दुप्पट खायला द्या. आठ-दहा दिवसांत पिल्लांचे डोळे उघडतात. दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र मुलांनी पिल्लांना रोज थोडा वेळ मांडीवर घ्यावे. या वयात माणसाचा हात लागला नाही तर पिल्लू रानटी होते आणि पुढे ते कुणीच नेत नाही. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नका.

आई मेलीच तर? पिल्लू आधी उबेत घ्या. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजले तर पचत नाही. मग कोमट दूध, शेळीचे मिळाले तर बरे, ड्रॉपरने थेंब-थेंब पाजा. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू पालथेच धरा, माणसाच्या बाळासारखे उताणे नको, दूध फुप्फुसात जाते. आणि पाजल्यावर ओल्या कोमट फडक्याने त्याचे मागचे अंग हलकेच पुसा. आई चाटते तेव्हाच लहान पिल्लाला शी-शू होते. हे न केल्याने पोट फुगून पुष्कळ पिल्ले दगावतात.

दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला जंताचे औषध आणि मांजरांच्या साथीच्या रोगाची लस द्यावी. या साथीत पिल्लू एकाएकी खाणे सोडते, ओकते, जुलाब होतात आणि दोन-चार दिवसांत जाते. त्या घरात लगेच नवे पिल्लू आणू नका. विषाणू महिनोन् महिने टिकतो. तिसऱ्या महिन्यात पिसाळ रोगाची लस, आणि मग ती दर वर्षी.

मांजर चावलं, तर?

कुत्रा चावला की माणूस दवाखान्यात पळतो. मांजर चावले की हसून हळद लावतो. "घरचंच तर आहे!" भगिनींनो, हे फार धोक्याचे आहे. पिसाळलेल्या कुत्र्याने किंवा कोल्ह्याने मांजराला ओरबाडले तर मांजरही पिसाळते. ते अंधारात दडून बसते, आवाज बदलतो, कारण नसताना अंगावर येते, लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात. पिसाळ रोगाची लक्षणे माणसाला एकदा सुरू झाली की औषध नाही.

मांजराने चावले किंवा रक्त येईल असे ओरबाडले, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून पंधरा. चुना, मिरची, हळद, तेल काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायची ती जुनी लस आठवून कित्येक जण अजून घाबरतात. तशी लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आता चार-पाच वेळा दंडात टोचतात, आणि पुढच्या तारखा कार्डावर लिहून देतात. एकही तारीख चुकवू नका. जखम खोल असेल तर जखमेतही एक औषध टोचतात, तेही घ्या. मांजर जिवंत असेल तर मारू नका, कोंडून दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिले तर चावताना त्याला तो रोग नव्हता असे समजते, आणि लशी पुढे चालू ठेवायच्या की नाहीत ते डॉक्टर ठरवतात. पण पहिली लस घ्यायला दहा दिवस थांबायचे नाही.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजराची घाण तिने उचलू नये, दुसऱ्याने उचलावी, तीही रोजच्या रोज. मांजराच्या विष्ठेतून एक परजीवी येतो. ताज्या घाणीत तो लगेच लागत नाही, एक ते पाच दिवसांत लागण्याजोगा होतो. पोटातल्या बाळाला त्याने इजा होते. म्हणून मांजर हाकलून द्या असे मुळीच नाही. हात धुणे, भाजी धुऊन घेणे, मटण नीट शिजवणे एवढे पाळले तर पुरते. हाच परजीवी शेळ्या-मेंढ्यांना गाभडवतो. तेव्हा पेंडीचे पिंप झाकून ठेवा आणि वैरणीच्या ढिगात मांजराला घाण करू देऊ नका. गोठ्याच्या एका कोपऱ्यात कोरडी माती किंवा राख पसरून ठेवली तर मांजर तिथेच जाते. त्याला शिकवावे लागत नाही.

"मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो," असेही म्हणतात. केसाने दमा होत नाही. मांजराच्या लाळेत आणि अंगाच्या कोंड्यात जे असते त्याचे काहींना वावडे असते, त्यांना शिंका आणि धाप लागते. अशा माणसाच्या अंथरुणात मांजर नको, एवढेच. आणि मांजर आडवे गेले म्हणून पेरणीला निघालेला माणूस माघारी फिरलेला अजूनही पाहायला मिळतो. मांजर बिचारे उंदरामागे चाललेले असते.

नवे पिल्लू आणाल तेव्हा पहिले दोन आठवडे एका खोलीत ठेवा, तिथेच खाणे, तिथेच मातीची पाटी. मगच बाहेर सोडा, म्हणजे घर ओळखून परत येते. विहिरीला कठडा नसेल आणि रांजणावर झाकण नसेल तर ते आधी करून घ्या. थंडीच्या दिवसांत चुलीतल्या राखेत मांजर झोपते, सकाळी जाळ घालण्याआधी चुलीत हात घालून पाहा. गाडी किंवा ट्रॅक्टर दारात उभा असेल तर तेही एक ऊब घेण्याचे ठिकाण. चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि क्षणभर थांबा, आत असेल तर उडी मारून बाहेर येईल.